बेरी बेन्सन: दक्षिणेचा शिपाई, उत्तरेचा कैदी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल मराठीत लिहायला लागल्यापासून दक्षिणेकडच्या सैनिकांबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. ते कोण होते, कशासाठी लढले, पकडले गेल्यावर त्यांचं काय झालं? लाखो माणसांबद्दल एकदम बोलू गेलं की कोणाचाच चेहरा दिसत नाही. म्हणून इथे एकच शिपाई घेतलाय. बहुतेक उत्तरं त्याच्याभोवती फिरतील, पण शेवटी एका वेगळ्याच माणसापाशी थांबतील.

बेरी बेन्सन कोण होता?

बेरी ग्रीनवूड बेन्सन. जन्म १८४३ चा, साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्ग या गावातला. सव्हाना नदीच्या अलीकडे हॅम्बर्ग आणि पलीकडे जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा शहर. युद्धाला तोंड फुटलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तो लढला. मध्ये दोनदा पकडला गेला आणि दोनदा निसटला. म्हातारपणी १९२३ मध्ये वारला. त्याने घरच्यांसाठी आठवणी लिहून ठेवल्या होत्या, त्या त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी छापल्या गेल्या. एका साध्या शिपायाबद्दल आज इतकं बारीकसारीक ठाऊक आहे ते त्यामुळे.

कॉन्फेडरेट म्हणजे नेमके कोण?

१८६० च्या निवडणुकीत अब्राहम लिंकन निवडून आल्यावर दक्षिणेतली राज्यं एकेक करत अमेरिकेच्या संघराज्यातून बाहेर पडली. शेवटी ती अकरा झाली. त्यांनी स्वतःचं वेगळं राष्ट्र जाहीर केलं, ते कॉन्फेडरसी, आणि त्यांचे सैनिक ते कॉन्फेडरेट. संघराज्याच्या बाजूने लढणारे ते युनियनचे. या अकरा राज्यांची लोकसंख्या साधारण ९० लाख होती आणि त्यातले सुमारे ३५ लाख लोक गुलाम होते. हा आकडा डोक्यात ठेवूनच पुढचं वाचावं.

ते गुलामगिरीसाठी लढत होते की ‘राज्यांच्या हक्कां’साठी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर गुळमुळीत देण्यात मला काही अर्थ वाटत नाही. राज्यांचा कुठला हक्क? माणसं मालमत्ता म्हणून बाळगण्याचा हक्क. कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरात भाषण केलं. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, याच पायावर आपलं सरकार उभं आहे, असं त्यांनी त्यात स्वच्छ सांगितलं. हे त्यांच्या शत्रूने म्हटलेलं नाही. साउथ कॅरोलायनाने बाहेर पडताना जे कारणपत्र जाहीर केलं, तेही गुलामगिरीभोवतीच फिरतं.

मग प्रत्येक शिपाई रोज सकाळी उठून गुलामगिरीचा विचार करत होता का? नाही. कोणी गावातली पोरं गेली म्हणून गेला, कोणी शत्रू दारात आला म्हणून. एप्रिल १८६२ नंतर तर १८ ते ३५ वयाच्या गोऱ्या पुरुषांना सक्तीनेच भरती केलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला सैन्यातून सूट मिळाली, आणि ‘युद्ध श्रीमंतांचं, मरण गरिबांचं’ अशी कुरकुर दक्षिणेतच सुरू झाली. ज्याच्याकडे एकही गुलाम नव्हता तोही ज्या राज्यासाठी बंदूक उचलत होता, त्या राज्याचा पाया मात्र गुलामगिरीच होता. बेन्सनच्या धाडसाबद्दल पुढे मी मोकळ्या मनाने लिहिलंय. त्याचं धाडस खरं आहे आणि हेही खरं आहे.

इतका लहान मुलगा सैन्यात गेला कसा?

त्याला कोणी नेलं नाही, तो आपणहून गेला. १८६१ च्या जानेवारीतच साउथ कॅरोलायनाने स्वयंसेवकांची पहिली पलटण उभी केली, त्यात त्याने नाव घातलं. धाकटा भाऊ ब्लॅकवूडही सैन्यात आला. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्स्टनच्या बंदरात फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या आणि युद्ध पेटलं, तेव्हा बेरी तिथल्या फौजेत होता. चार वर्षांनी व्हर्जिनियात दक्षिणेच्या मुख्य सैन्याने शस्त्रं ठेवली तेव्हाही तो तिथे होता. दोन्ही टोकं पाहिलेले साधे शिपाई फार थोडे.

सैन्यात त्याचं काम काय होतं?

आधी पायदळातला साधा शिपाई, मग सार्जंट. मनॅससची दुसरी लढाई, फ्रेडरिक्सबर्ग, चान्सलर्सव्हिल अशा मोठ्या लढाया त्याने पाहिल्या. मे १८६३ मध्ये चान्सलर्सव्हिलला पायाला गोळी लागली, म्हणून जुलैतलं गेटिसबर्ग त्याला चुकलं. १८६४ च्या वसंतात त्याच्या ब्रिगेडमधून निवडक नेमबाजांची तुकडी काढली गेली, तिच्यात तो होता. मुख्य फौजेच्या पुढे राहणं, शत्रूच्या चौक्यांशी झटापट करणं, अंधारात पलीकडे जाऊन बातमी आणणं हे या तुकडीचं काम. बेन्सनला हेरगिरीची विशेष आवड. एकदा तर तो शत्रूच्या तळात शिरला आणि एका कर्नलचा घोडाच घेऊन परतला.

तो पकडला कसा गेला?

व्हर्जिनियात स्पॉटसिल्व्हेनियापाशी, मे १८६४ मध्ये. त्याआधी १२ मे रोजी तिथे जी लढाई झाली ती या युद्धातल्या सगळ्यात भयंकर लढायांपैकी. मातीच्या बांधाच्या दोन बाजूंना दोन फौजा पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत पावसात, चिखलात, हाताच्या अंतरावरून एकमेकींवर तुटून पडत होत्या. बेन्सनच्या ब्रिगेडपाशी एक ओकचं झाड होतं, बुंध्याचा व्यास जवळजवळ दोन फूट. ते नुसत्या बंदुकीच्या गोळ्यांनी तुटून पडलं. तोफेचा गोळा नाही, कुऱ्हाड नाही. त्याचा गोळ्यांनी चिंध्या झालेला बुंधा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्यानंतर चार दिवसांनी, १६ तारखेच्या रात्री, तो नेहमीसारखा बातमी काढायला शत्रूच्या रांगांमागे गेला आणि सापडला. तिथून त्याला पॉइंट लुकआउटच्या कैदी तळावर नेलं.

पॉइंट लुकआउट कुठे आहे? तिथून तो निसटला कसा?

मेरीलँड राज्याच्या दक्षिण टोकाला, जिथे पोटोमॅक नदी चेसापीक उपसागराला मिळते, तिथे वाळूची एक जीभ पाण्यात गेलेली आहे. तिथेच गेटिसबर्गनंतर उत्तरेने सगळ्यात मोठा कैदी तळ उभारला. दहा हजारांच्या हिशोबाने आखलेल्या जागेत पुढे वीस हजार माणसं कोंबली. बराकी नाहीतच, उन्हाळा असो की हिवाळा, तंबूच. पाणी खारट. पुढे पहाऱ्यावर बरेच काळे सैनिक होते. त्यातले कित्येक गुलामीतून सुटून युनियनच्या सैन्यात आलेले. ज्यांनी काल त्यांना विकलं-खरीदलं, त्यांच्यावर आज ते बंदूक घेऊन उभे. त्या तळावरच्या कैद्यांच्या लिखाणात याचा संताप सारखा डोकावतो. मला मात्र ते वाचताना त्या पहारेकऱ्यांना काय वाटत असेल याचंच कुतूहल जास्त वाटतं, आणि त्यांनी लिहिलेलं अगदी थोडं शिल्लक आहे.

बेन्सन तिथे पुरते चार दिवसही राहिला नाही. दिवस मावळल्यावर कोणाच्या नजरेस न पडता तो पाण्यात उतरला आणि सुमारे दोन मैल पोहत गेला.

मग पुन्हा सापडला?

हो. पाण्यातून सुटला, पण उत्तर व्हर्जिनियात युनियनच्या ताब्यातल्या मुलखात पुन्हा पकडला गेला. या वेळी त्याला वॉशिंग्टनच्या ओल्ड कॅपिटल तुरुंगात ठेवलं आणि तिथून न्यू यॉर्क राज्यातल्या एल्मायराला पाठवलं.

पूर्वी कैद्यांची अदलाबदल होत असे ना? ती का थांबली?

या पानावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

जुलै १८६२ मध्ये दोन्ही बाजूंनी करार केला होता. शिपायाच्या बदल्यात शिपाई, आणि अधिकारी असेल तर त्याच्या हुद्द्याप्रमाणे ठरलेले इतके शिपाई. अदलाबदल होईपर्यंत ‘पुन्हा शस्त्र उचलणार नाही’ असं वचन घेऊन कैद्याला सोडूनही देत. त्यामुळे वर्षभर तरी कैदी तळ फार भरले नाहीत.

१८६३ मध्ये युनियनच्या सैन्यात काळ्या सैनिकांच्या पलटणी उभ्या राहिल्या. दक्षिणेच्या सरकारने जाहीर केलं की काळे सैनिक हे युद्धकैदी नाहीत. पकडले गेले तर त्यांना राज्यांच्या हवाली करायचं, म्हणजे पुन्हा गुलामीत किंवा त्याहून वाईट. त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर गुलामांचं बंड चिथावल्याचा खटला भरायचा, आणि त्याला शिक्षा मृत्यूची. लिंकन सरकारने बजावलं की सैनिक कोणत्याही रंगाचा असो, वागणूक एकच मिळाली पाहिजे. दक्षिणेने मानलं नाही आणि अदलाबदल मोडली. पुढे १८६४ मध्ये युनियनचे सरसेनापती जनरल ग्रँट यांनी दुसरा हिशोबही मांडला: सोडलेला दक्षिणेचा प्रत्येक कैदी उद्या पुन्हा समोर बंदूक घेऊन उभा राहतो. तोही खरा होता. बेन्सनने तर तो स्वतःच खरा करून दाखवला.

पण मूळ गाठ काळ्या सैनिकांपाशी पडली होती. एल्मायराच्या थंडीत कुडकुडणारा दक्षिणेचा पोरगा तिथे अडकला त्यामागे त्याच्याच सरकारचा हा हट्ट होता. १८६५ च्या सुरुवातीला अदलाबदल पुन्हा सुरू झाली. हजारो माणसांना तोवर उशीर झाला होता.

एल्मायराचा तळ कसा होता?

कैदी त्याला ‘हेलमायरा’ म्हणत, म्हणजे नरकच. शमंग नदीकाठी सुमारे तीस एकरांची जागा, मुळात युनियनची भरती छावणी. जुलै १८६४ मध्ये तिचं कैदी तळात रूपांतर झालं. तिथे पोचणंही सुखाचं नव्हतं. १५ जुलैला कैद्यांनी भरलेली एक आगगाडी पेनसिल्व्हेनियात शोहोलाजवळ समोरून येणाऱ्या कोळशाच्या गाडीवर आदळली. पन्नासच्या आसपास कैदी आणि सतरा पहारेकरी जागीच गेले.

तळाच्या मधोमध एक साचलेलं तळं होतं, फॉस्टर्स पॉण्ड. नदीचाच जुना तुटलेला फाटा. हजारो माणसांची सगळी घाण त्यात जाई आणि तिला वाहून जायला वाट नव्हती. निचऱ्याचा चर खणायची परवानगी वॉशिंग्टनहून येईपर्यंत शरद ऋतू उजाडला. बराकी साताठ हजारांनाही पुरत नव्हत्या आणि ऑगस्टमध्ये माणसं नऊ हजारांवर गेली, मग उरलेले तंबूत. त्या भागातल्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. हे लोक जॉर्जिया, अलाबामा, कॅरोलायनाचे. अनेकांनी आयुष्यात नीट बर्फ पाहिला नव्हता. अंगावर पकडले गेले तेव्हाचे उन्हाळी कपडे. भाजीपाला नाही म्हणून स्कर्व्ही, हिरड्या सुजून दात हलायला लागत. मग हगवण, न्यूमोनिया आणि थंडीत देवीची साथ. मार्च १८६५ मध्ये नदीला पूर आला तेव्हा कुंपणाचा मोठा भाग वाहून गेला आणि आजाऱ्यांना तराफ्यांवरून हलवावं लागलं.

कुंपणाबाहेर गावातल्या काही लोकांनी लाकडी मनोरे उभारले होते. पंधरा सेंट दिले की वर चढून आतले कैदी बघायला मिळत. खाली खाऊ-पेय विकायला. भुकेली माणसं आतून हे सगळं बघत. एल्मायराबद्दल मी जे जे वाचलंय त्यात हे मनोरे मला सगळ्यात जास्त टोचतात.

एकूण १२,१२३ कैदी तिथे आले. त्यातले २,९६३ वर्षभरातच मेले. चारांतला एक.

त्यांना मुद्दाम उपाशी ठेवलं का?

काही अंशी हो. दक्षिणेत, विशेषतः जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलला, युनियनच्या कैद्यांचे सापळे झाल्याच्या बातम्या आणि छायाचित्रं उत्तरेत पोचली तेव्हा लोक खवळले. १८६४ मध्ये कैद्यांचा शिधा सूड म्हणूनच कमी केला गेला, घरून येणाऱ्या खाऊ-कपड्यांच्या पेट्यांवर बंधनं आली. उत्तरेत धान्याची ददात नव्हती. त्यामुळे एल्मायरातल्या मरणाला ‘नाइलाज होता’ हे उत्तर पुरत नाही.

दक्षिणेच्या अभिमान्यांचा आवडता युक्तिवाद इथेच सुरू होतो: ‘बघा, दोन्ही बाजू सारख्याच.’ अँडरसनव्हिलला सुमारे ४५,००० माणसं उघड्या मैदानात डांबली गेली. बराकी नाहीत, तंबूही बहुतेकांना नाहीत, प्यायचा ओढा आणि शौचाचा ओढा एकच. जवळजवळ १३,००० मेली. तिथला प्रमुख हेन्री वर्झ याला १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी झाली. एल्मायराच्या कोणा अधिकाऱ्यावर कधी खटला चालला नाही. एका बाजूच्या मेलेल्यांनी दुसऱ्या बाजूचे मेलेले फेडायचे, असा हिशोब मला जमत नाही. दोन्ही ठिकाणी जी पोरं मेली त्यातली बरीच विशीच्या आतबाहेरची होती.

शपथ घेऊन सुटता येत नव्हतं का?

कित्येकदा येत असे. संघराज्याशी निष्ठेची शपथ घेतली की काहींना सुटका मिळे, आणि सुमारे सहा हजार कैदी तर युनियनच्या सैन्यातच भरती झाले. त्यांना बहुतांशी पश्चिम सरहद्दीवर पाठवत, म्हणजे जुन्या सोबत्यांवर गोळी झाडायची वेळ येऊ नये.

मराठी वाचकांच्या ओळखीचा एक माणूस याच वाटेने सुटला होता. आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टनना शोधून काढणारा हेन्री मॉर्टन स्टॅनली. मूळचा वेल्सचा, गोरगरिबांसाठीच्या ‘वर्कहाउस’मध्ये वाढलेला पोर, १८६१ मध्ये आर्कान्सॉच्या दक्षिणी पलटणीत होता. एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत पकडला गेला आणि शिकागोच्या कॅम्प डग्लस तळात रोगराई बघून काही आठवड्यांत युनियनच्या तोफखान्यात शिरला. लिव्हिंग्स्टनच्या शोधाला निघण्यापूर्वी १८७० च्या पावसाळ्यात तो मुंबईत येऊन राहिला होता.

बेन्सनने शपथ घेतली नाही. खणत राहिला.

भुयाराची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. एल्मायराच्या अख्ख्या इतिहासात भुयारातून यशस्वी झालेली ही एकच मोठी सुटका.

अलाबामाच्या तोफखान्यातल्या काही पोरांनी कुंपणाजवळच्या एका तंबूतून खणायला सुरुवात केली. पुढे बेन्सन त्यांना मिळाला. त्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. हत्यार म्हणजे चाकू आणि हात. एकाने पोटावर सरपटत आत जायचं, अंधारात खरवडायचं, श्वास कोंडला की पाय ओढून बाहेर काढून घ्यायचं. खणणं निम्मं काम, बाकीचं निम्मं माती लपवणं. ताजी माती कुठे दिसली की पहारेकऱ्यांना लगेच कळायचं. ती छोट्या पिशव्यांत भरून कपड्यांच्या आत दडवायची, चालता चालता तळ्यात सोडायची. जे तळं रोज त्यांचे सोबती मारत होतं, त्यानेच माती गिळली. असं जवळजवळ दोन महिने चाललं. भुयार ६६ फूट झालं. वीस मीटर म्हणा, बेस्टच्या दोन बसगाड्या एकामागे एक लावल्या तर जवळपास तेवढं. तेही बोटांनी, ओणवंही होता येणार नाही अशा भोकात.

७ ऑक्टोबर १८६४. पहाटे चारच्या सुमारास दहा जण एकामागोमाग आत शिरले आणि कुंपणापलीकडे बाहेर पडले. बाहेर आल्यावर एकेकटे, दोघे-दोघे असे पांगले. बेन्सन एकटाच निघाला. अंगावर कैद्याचे कपडे, चहूकडे शत्रूचा मुलूख. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड ओलांडून, महिना संपायच्या आत तो व्हर्जिनियात शेननडोआ खोऱ्यातल्या आपल्या सैन्याला जाऊन मिळाला. तिथून घरी जाऊन आराम करायचा हक्क कोणीही मानला असता. हिवाळ्यात तो पुन्हा व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या खंदकांत आपल्या तुकडीबरोबर होता.

शेवटी तो शरण गेला का?

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियात ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या मुख्य सैन्याचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. बेरी आणि ब्लॅकवूड या दोघा भावांनी मात्र बंदुका खाली ठेवल्या नाहीत. शरणागतीची कवायत व्हायच्या आधीच ते रानातून निसटले. नॉर्थ कॅरोलायनात जनरल जॉन्स्टन यांची फौज अजून लढतेय, तिला मिळू असा त्यांचा विचार होता. तिथेही सगळं संपत आलेलं पाहून दोघे बंदुकांसकट घरी गेले.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

दोन आहेत, आणि दोन्ही घट्ट.

एक कापसाचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, अमेरिकेचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचं वेड लागलं. ली शरण गेल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस मुंबईच्या कित्येक पेढ्यांचा शेवटचा ठरला. बेन्सन भाऊ रानातून घरची वाट तुडवत होते त्याच काही आठवड्यांत आपल्याकडे माणसं भिकेला लागत होती, कारण दोन्हींचं एकच.

दुसरा संबंध माझ्या दृष्टीने फार मोठा. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या भल्या लोकांना. काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी त्यांनी जी निःस्वार्थ झीज सोसली तिच्याबद्दलच्या आदरापोटी, आणि आपले देशबांधवही शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवतील या आशेने. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्या माणसाने ओळखलं होतं की ते युद्ध कशाबद्दल होतं. आज दीडशे वर्षांनी मराठीत कोणी ‘राज्यांच्या हक्कां’चा मुद्दा काढला की मला ती अर्पणपत्रिका आठवते.

युद्धानंतर बेन्सनने काय केलं?

ऑगस्टात हिशोबनीस झाला. जमाखर्चातली चूक पटकन सापडावी अशी एक पद्धत त्याने शोधली आणि ती विकलीही. कूटलिपी सोडवायचा नाद होता. १८९६ मध्ये, न उलगडणारी म्हणून नावाजलेली एक फ्रेंच कूटलिपी आपण सोडवल्याचं त्याने सरकारला कळवलं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९१३ मध्ये अटलांटात एका पेन्सिल कारखान्यातल्या लहान मुलीचा खून झाला आणि कारखान्याचा व्यवस्थापक लिओ फ्रँक या ज्यू माणसाला फाशीची शिक्षा झाली. सगळं जॉर्जिया त्याच्या विरोधात पेटलं होतं. सत्तरीच्या बेन्सनने प्रेताजवळ सापडलेल्या चिठ्ठ्यांची भाषा बारकाईने तपासली आणि त्या फ्रँकने सांगून लिहवून घेतलेल्या नाहीत, हे जाहीरपणे मांडलं. १९१५ मध्ये जमावाने फ्रँकला तुरुंगातून पळवून झाडाला लटकवलं.

ऑगस्टातला पुतळा त्याचाच आहे ना?

हो. ऑगस्टाच्या ब्रॉड स्ट्रीटवर १८७८ मध्ये उभारलेलं स्मारक. खालच्या बाजूला चार सेनापती, आणि उंच खांबाच्या टोकावर एक साधा शिपाई. त्या शिपायासाठी नमुना म्हणून बेन्सन धरला होता. सेनापतींच्या वर शिपाई, ही कल्पना मनाला भिडते. मग खाली कोरलेलं वाचावं: इतकं शुभ्र आणि सुंदर राष्ट्र कधी उदयाला आलं नाही, इतकं निष्कलंक कोणतं कोसळलं नाही, अशा अर्थाच्या ओळी. ३५ लाख गुलामांच्या राष्ट्राबद्दल. त्या ओळी बेन्सनने लिहिल्या नाहीत. पण त्याचा चेहरा वर्षानुवर्षं त्यांच्यावर उभा आहे.

एल्मायरात मेलेल्या कैद्यांचं काय झालं?

त्यांना जॉन डब्ल्यू. जोन्स यांनी पुरलं.

जोन्स यांचा जन्म १८१७ चा, व्हर्जिनियात लीसबर्गजवळच्या मळ्यावर, गुलाम म्हणून. १८४४ मध्ये ते आपल्या भावांसह पळाले आणि जवळजवळ तीनशे मैल चालत एल्मायराला पोचले. चर्चची राखण, कबरी खणणं अशी कामं करत तिथेच स्थिरावले. त्यांचं दुसरं काम रात्रीचं होतं. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवायचं आणि पहाटे चारच्या आगगाडीच्या सामानाच्या डब्यात बसवून कॅनडाकडे रवाना करायचं. सुमारे आठशे माणसं त्यांच्या हातून सुटली असं सांगतात. पहाटे चार म्हटलं की मला बेन्सनचं भुयार आणि जोन्स यांची गाडी दोन्ही आठवतात. एकच गाव, एकच प्रहर. एक दक्षिणेकडे धावतोय, बाकीचे दक्षिणेपासून.

तळावर माणसं मरू लागली तेव्हा पुरायचं काम जोन्स यांना मिळालं, एका प्रेतामागे अडीच डॉलर. कधी दिवसाला चाळीसच्या वर प्रेतं येत. नुसती मातीआड करून टाकली असती तरी कोणी विचारलं नसतं. पण त्यांनी प्रत्येकाचं नाव, पलटण, मरणाची तारीख टिपून ठेवली. प्रत्येक पेटीवर नाव, पेटीत नावाची चिठ्ठी, कबरीवर नावाची फळी आणि वहीत नोंद. जवळजवळ तीन हजार माणसांत अनोळखी म्हणून राहिलेले अवघे सात. अशा तळांवर शेकडोंनी बेवारस खड्डे होते, म्हणून हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा तपासून घेतला होता.

१८७७ मध्ये ती जागा वुडलॉन राष्ट्रीय दफनभूमी झाली. लाकडी फळ्या कुजल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगमरवरी दगड आले ते याच वहीवरून. तळाच्या बराकी मोडल्या तेव्हा त्यातलं लाकूड जोन्स यांनी आपल्या घरासाठी वापरलं असं सांगतात. घर दफनभूमीसमोरच आहे, आता तिथे संग्रहालय आहे.

नोंद करताना एके दिवशी त्यांना एक आडनाव ओळखीचं वाटलं, असं एल्मायरात सांगतात. ज्या मळ्यावरून ते वीस वर्षांपूर्वी पळाले होते, तिथल्या मुकादमाचा मुलगा. जोन्स यांनी लीसबर्गला निरोप पाठवला, तुमचा मुलगा इथे आहे, आणि त्या पोराला घरच्या मातीत परत पाठवण्याची व्यवस्था केली.